कोथरूड ते खराडी आणि शनिवारचा घाट: नंबरच्या गॉगलचं एक प्रकरण

गृहस्थ ४४ वर्षांचे, राहायला कोथरूडला, नोकरी खराडीला. रोजची ये-जा स्कूटरवर, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालून. शनिवार-रविवार सायकल: पहाटे साडेपाचला निघायचं, कधी सिंहगडाचा चढ, कधी कात्रजचा जुना घाट, आणि दहाच्या आत घरी. नंबर उजव्या डोळ्याला −३.००, डाव्याला −२.७५. सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर, नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, ६४ मिलिमीटर. चष्म्याच्या दुकानात आले तेव्हा मागणी सरळ होती: स्कूटर आणि सायकल दोन्हीला चालेल असा एकच नंबरचा गॉगल. सोबत आधीच्या तीन जोड्या आणल्या होत्या. त्यातली एक रोजच्या वापरात होती, दोन कपाटात पडून होत्या.

नवीन फ्रेम दाखवण्याआधी या तिन्ही जोड्या तपासल्या. गॉगल का वापरला जात नाही याचं कारण बहुतेक वेळा जुन्या जोडीतच सापडतं, आणि ते न शोधता नवीन घेतला तर तोही कपाटातच जातो.

जुन्या तीन जोड्या

पहिला रोजचा चष्मा, फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचांचा. तक्रार अशी की उन्हात उभं राहिलं तर काळा होतो, स्कूटरवर मात्र पांढराच राहतो, म्हणजे माल खराब. माल चांगला होता. फोटोक्रोमिक काचेतलं रसायन मुख्यतः अतिनील किरणांनी, म्हणजे यूव्हीने, गडद होतं, आणि हेल्मेटचा पॉलीकार्बोनेटचा व्हायझर नेमके तेच किरण अडवतो. गाडीच्या पुढच्या काचेमागेही हेच होतं. खात्री करायला दुकानाबाहेर उन्हात चष्मा धरायचा आणि एका काचेच्या अर्ध्या भागापुढे व्हायझर ठेवायचा. दोन मिनिटांनी व्हायझर काढला की काचेवर सरळ रेघ दिसते: अलीकडे तपकिरी, पलीकडे जवळजवळ पांढरं. हे बघितल्यावर त्या चष्म्याबद्दलचा राग संपला.

दुसरी जोडी म्हणजे कानापर्यंत वळणारी स्पोर्ट्स फ्रेम, आकार ६५-१५ (काचेची रुंदी ६५ मिलिमीटर, नाकावरचं अंतर १५), आणि एका दुकानाने त्यात नंबरच्या काचा बसवून दिलेल्या. ती घातली की जमीन तिरकी वाटायची आणि वीस मिनिटांत कपाळ दुखायचं. इथे दोन चुका एकात एक अडकल्या होत्या.

पहिली चूक केंद्राची. फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ६५ अधिक १५, म्हणजे ८० मिलिमीटर. पीडी ६४. म्हणजे प्रत्येक काचेचं ऑप्टिकल केंद्र, जिथून उजेड न वळता सरळ जातो तो बिंदू, नाकाच्या बाजूला ८ मिलिमीटर सरकवायला हवं होतं. पण काच ज्या गोल चकतीतून कापतात ती ७५ मिलिमीटर व्यासाची होती, आणि फ्रेमचा सर्वांत लांब कर्ण ६७. उरलेल्या जागेत केंद्र फार तर ४ मिलिमीटर सरकतं. तेवढंच सरकवलं गेलं. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, केंद्रांमधलं अंतर ७२ भरलं, म्हणजे दर डोळ्यामागे ४ मिलिमीटरची चूक. नंबरला ०.४ सेंटिमीटरने गुणलं की प्रिझम, म्हणजे काच उजेड किती बाजूला वळवते त्याचं माप, मिळतं: उजवीकडे १.२, डावीकडे १.१, मिळून २.३. दोन्ही डोळ्यांना दिवसभर एवढं ओढून धरायला लावलं तर कपाळ दुखणारच.

दुसरी चूक वळणाची. ही फ्रेम चेहऱ्याभोवती २० अंशांनी वळलेली होती आणि तिच्यात नेहमीच्या सरळ चष्म्याचाच नंबर घातला होता. काच तिरकी ठेवली की तिचा नंबर बदलतो, आणि हे गणित जुनं, ठरलेलं आहे: २० अंशांवर −३.०० ची काच डोळ्यासाठी साधारण −३.१२ होते, शिवाय ९० अक्षावर, म्हणजे उभ्या अक्षावर, −०.४१ सिलिंडर नव्याने तयार होतं. ज्याला सिलिंडर नाही त्याच्या डोळ्यापुढे जवळजवळ अर्धं सिलिंडर आलं. जमीन तिरकी वाटण्याचं कारण हेच.

तिसरी जोडी तयार स्पोर्ट्स गॉगल, पुढे पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारी काच आणि आत नंबरची छोटी क्लिप. ही कल्पना वाईट नाही. नंबर मोठा असेल, −६ च्या पुढे, तर बहुधा हाच मार्ग उरतो, कारण एवढ्या नंबरची वळलेली काच मिळणंच अवघड. पण क्लिप डोळ्याच्या फार जवळ येते. यांच्या पापण्या काचेला लागत होत्या, चढावर दोन काचांच्या मधे वाफ धरत होती, आणि ती वाफ बोटाने पुसताही येत नाही. पोलराइज्ड काचेमुळे सायकलवरच्या छोट्या कॉम्प्युटरचा पडदा एका कोनात काळा व्हायचा. हाच गॉगल हेल्मेटमध्ये घातला की व्हायझरमध्ये इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसायचे. साच्यातून निघताना व्हायझरच्या प्लास्टिकमध्ये ताण राहतो, आणि तो पोलराइज्ड काचेतून रंगीत दिसतो. व्हायझर बदलून हे पट्टे जात नाहीत.

ऊन कधी आणि कुठून

कोथरूड पुण्याच्या पश्चिमेला, खराडी पूर्वेला. सकाळी कामाला जाताना सूर्य समोर, संध्याकाळी घरी येताना पुन्हा समोर. खराडीत राहून कोथरूडला नोकरी करणाऱ्याला दोन्ही वेळा ऊन पाठीवर येतं आणि त्याचं बऱ्याचदा साध्या चष्म्यावर भागतं. गॉगल निवडताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण काच किती गडद हवी हे त्यावर ठरतं. इथे उत्तर स्पष्ट होतं: स्कूटरसाठी कायम गडद काच हवी आणि ती यूव्हीवर अवलंबून असता कामा नये.

सायकलचं उलट. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेपाचला निघालेला माणूस तासाभराहून जास्त वेळ अंधारात चालवतो. मग कोवळं ऊन, मग नऊनंतरचं कडक ऊन, मधे झाडांची सावली आणि कात्रजचा जुना बोगदा. एकाच फेरीत काचेला पांढरंही असावं लागतं आणि गडदही. सायकलच्या हेल्मेटला व्हायझर नसल्यामुळे यूव्ही थेट काचेवर पडतं. जी फोटोक्रोमिक काच स्कूटरवर निरुपयोगी ठरली, तीच इथे योग्य.

एकाच गॉगलची मागणी इथे मोडली. दोन कामांना दोन परस्परविरोधी काचा लागतात हे पटल्यावर पुढचं काम सोपं झालं.

गडदपणाचे आकडे

आयएसओ १२३१२-१ या मानकात काचांचे ० ते ४ असे पाच वर्ग आहेत, काचेतून किती टक्के उजेड आत येतो त्यावरून. वर्ग ० मध्ये ८० टक्क्यांहून जास्त, वर्ग १ मध्ये ४३ ते ८०, वर्ग २ मध्ये १८ ते ४३, वर्ग ३ मध्ये ८ ते १८ आणि वर्ग ४ मध्ये ३ ते ८. वर्ग ४ बर्फाळ डोंगर आणि हिमनद्यांसाठी आहे. तो घालून कोणतंही वाहन चालवायचं नाही. चांगल्या कंपनीच्या गॉगलवर काडीच्या आतल्या बाजूला हा वर्ग छापलेला असतो.

स्कूटरसाठी वर्ग ३, साधारण १५ टक्के उजेड सोडणारी काच ठरली. त्याच वेळी त्यांना टिंटेड व्हायझर घ्यायचा होता, तो घेऊ नका असं सांगितलं. ५० टक्क्यांचा व्हायझर आणि १५ टक्क्यांची काच एकामागे एक आली की आत ७.५ टक्केच उजेड येतो, म्हणजे नकळत वर्ग ४ मध्ये जाणं. व्हायझर पांढराच ठेवायचा. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसहाला निघताना हा गॉगल बॅगेत आणि फोटोक्रोमिक चष्मा डोळ्यावर. अंधारात चालवायची काच किमान ७५ टक्के उजेड सोडणारी असावी, असं हेच मानक सांगतं. रात्री चालवायला म्हणून विकले जाणारे पिवळे गॉगलही उजेड कमीच करतात. ते घेऊ नयेत.

काच गडद असणं आणि यूव्ही अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलीकार्बोनेट रंग नसतानाही ३८० नॅनोमीटरपर्यंतचे जवळजवळ सगळे किरण अडवतं, त्यामुळे त्या काचेवर ‘यूव्ही कोटिंग’चे वेगळे पैसे मागितले तर नेमकं काय मिळणार ते विचारावं. गल्ल्यावर नोट तपासायच्या टॉर्चने गॉगल तपासून दाखवणं हा प्रकारही फसवा. नोटेतला सुरक्षा धागा चमकला नाही म्हणजे काच चांगली, असं सांगतात. पण स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात, त्यातला जांभळा उजेड चांगल्या काचेतूनही थोडा निसटतो आणि चांगला गॉगल नापास होतो. चष्म्याच्या दुकानातलं यूव्ही मीटर वापरावं, किंवा ३६५ नॅनोमीटरची टॉर्च.

रंगाबद्दल थोडक्यात. स्कूटरसाठी राखाडी, कारण सिग्नलचे रंग आहेत तसे दिसतात. सायकलसाठी तपकिरी, कारण निळा उजेड कापला गेल्याने खड्ड्याची कड आणि खडी ठळक दिसते. पोलराइज्ड दोन्हीकडे टाळलं. समुद्रावर, मासेमारीत, तलावाकाठी आणि चारचाकीत ते फार उपयोगी. दुचाकीवर मात्र रस्त्यावर सांडलेलं डिझेल किंवा पाण्याचा पातळ थर त्याच्या चकाकीवरूनच ओळखायचा असतो, आणि पोलराइज्ड काच नेमकी ती चकाकी पुसते.

फ्रेम

स्कूटरच्या गॉगलची फ्रेम हेल्मेट डोक्यावर ठेवूनच निवडली. काड्या सरळ, पातळ आणि टोकाला कमी वाकलेल्या हव्यात. जाड ॲसिटेटची काडी हेल्मेटच्या गादीत आणि कवटीत चेंगरते आणि अर्ध्या तासात कानावर ठणका लागतो. घालायचा क्रम असा: आधी हेल्मेट, मग व्हायझर वर करून गॉगल समोरून आत सरकवायचा. काडी गादीत अडकून कानाच्या वर चढत असेल तर ती फ्रेम बाद. ५२-१८ ची नायलॉनची, चपटी, नेहमीच्या चष्म्याच्या वळणाची फ्रेम बसली. केंद्रांमधलं अंतर ७०, पीडी ६४, सरकवायचं फक्त ३ मिलिमीटर. इथे अडचण काहीच नाही.

सायकलच्या फ्रेममध्ये खरी ओढाताण होती. त्यांना दिसायला आवडत होती ती ८ बेसची, पूर्ण वळलेली. बेस म्हणजे काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचा बाक: साध्या चष्म्याला साधारण ४, पूर्ण स्पोर्ट्सला ८. बाक जास्त तितकं कडेचं ऊन आणि वारा कमी, पण नंबरवाल्याला तितका त्रास जास्त. ६ बेसची, १२ अंश वळलेली, ५८-१६ ची फ्रेम सुचवली. १२ अंशांवर −३.०० ची काच −३.०४ होते आणि नवीन सिलिंडर फक्त −०.१४ येतं, म्हणजे २० अंशांच्या एक-तृतीयांश. केंद्र ५ मिलिमीटर सरकवायचं, ते ७५ च्या चकतीत आरामात मावतं. कडेची जाडीही कमी होते: ६५-१५ च्या फ्रेममध्ये कानाकडची कड साधारण ६.४ मिलिमीटर झाली असती, ५८-१६ मध्ये ५.१. उतारावर कडेने थोडा वारा येणार, हे त्यांना आधीच सांगितलं.

कडेच्या उन्हाकडे मात्र दुर्लक्ष करून चालत नाही. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भुवई आणि टोपी डोळ्याला आडोसा देतात. सकाळी नऊ-दहाला ऊन तिरकं येतं आणि काचेला वळसा घालून शिरतं. म्हणून फ्रेम गालाला आणि भुवईला न टेकता जितकी जवळ बसेल तितकी बसवायची. त्यासाठी रबरी, वाकवता येणारे नोज पॅड हवेतच. एकसंध साच्यातलं नाक असलेली फ्रेम घसरली तर तिला काही करता येत नाही.

काच आणि ऑर्डर

दोन्ही जोड्यांना ट्रायव्हेक्स, म्हणजे सहज न फुटणाऱ्या एका प्लास्टिकच्या काचा. पॉलीकार्बोनेटही तितकंच दणकट आणि स्वस्त असतं, आणि नंबर नसलेल्या खेळाच्या गॉगलला तेच योग्य. पण त्याचा ॲबे आकडा ३० आहे, ट्रायव्हेक्सचा ४३ च्या पुढे. हा आकडा कमी तितकी कडेला रंगीत झालर जास्त. −३.०० च्या काचेत केंद्रापासून १५ मिलिमीटर बाजूला बघितलं की ४.५ प्रिझम लागतं. ते ३० ने भागलं तर ०.१५, ४३ ने भागलं तर ०.१०. मान वळवून मागची गाडी बघणाऱ्या सायकलस्वाराला हा फरक जाणवतो. सीआर-३९, म्हणजे चष्म्याची साधी प्लास्टिकची काच, कडेला याहून स्वच्छ दिसते, पण पडल्यावर फुटते, म्हणून खेळासाठी नाही.

४४ व्या वर्षी सायकल कॉम्प्युटर वाचायला प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारी, लागेल का, हाही प्रश्न निघाला. कॉम्प्युटर डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर. तिथे फोकस करायला १.६७ डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) लागतात. या वयाला साधारण ४ डायॉप्टरची ताकद शिल्लक असते आणि तिच्या निम्मी आरामात वापरता येते. म्हणजे भागतं. वळलेल्या फ्रेममध्ये प्रोग्रेसिव्ह टाळता येत असेल तर टाळावं.

मापं फ्रेम चेहऱ्यावर बसवल्यावरच घेतली. सायकलचा माणूस सरळ बसत नाही. हँडलवर वाकून, हनुवटी उचलून, काचेच्या वरच्या भागातून बघतो. म्हणून त्यांना काउंटरच्या कडेवर हात टेकवून वाकायला लावलं, हेल्मेटसकट, आणि नमुन्याच्या काचेवर बाहुलीच्या जागी पेनने ठिपका दिला. उभं असतानाच्या ठिपक्याहून तो ६ मिलिमीटर वर आला. केंद्र ४ मिलिमीटर वर ठेवलं, म्हणजे थांबून चहा पितानाही विचित्र वाटायला नको. दोन्ही डोळ्यांना जवळजवळ सारखाच नंबर असल्याने या उभ्या सरकण्याचा त्रास होत नाही. एका डोळ्याला −१ आणि दुसऱ्याला −४ असता तर हे करता आलं नसतं.

लॅबला नंबर, पीडी आणि उंचीबरोबर तीन मापं कळवली: फ्रेमचं वळण, पुढचा झुकाव आणि काचेचं डोळ्यापासूनचं अंतर. लॅब यावरून भरपाई केलेला नंबर काढते, आणि काच आली की पाकिटावर दोन नंबर असतात, एक मागितलेला आणि एक काचेत प्रत्यक्ष घासलेला. लेन्सोमीटर दुसरा दाखवतं. २० अंशांच्या फ्रेमला −३.०० मागितले तर काचेत साधारण −२.५५ आणि १८० अक्षावर, म्हणजे आडव्या अक्षावर, −०.३४ सिलिंडर निघेल, आणि ते बरोबर असेल. हे ठाऊक नसलेला माणूस काच चुकीची आली म्हणून परत पाठवतो, लॅबही कटकट नको म्हणून साधी काच करून देते, आणि मग गिऱ्हाईक डोकं धरून बसतं. पाकीट जपून ठेवावं.

सायकलच्या काचांना मागच्या बाजूला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग घेतलं, कारण पाठीमागून येणारं ऊन काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात येतं. पुढच्या बाजूला पाणी न धरणारं कोटिंग. आरशासारखं कोटिंग नाकारलं: घामाने आणि पुसण्याने तेच आधी उडतं.

वापरल्यानंतर

पंधरा दिवसांनी एक तक्रार आली: सिंहगडाच्या चढावर गॉगलला वाफ धरते. त्यांना मोठं हसायला सांगितलं, तर फ्रेमची खालची कड दोन्ही गालांवर टेकत होती. चढावर धाप लागली की गाल असेच वर येतात आणि खालून येणारी हवा बंद होते. नोज पॅड जवळ आणून फ्रेम २ मिलिमीटर उचलली, काड्यांचा झुकाव थोडा कमी केला. वाफ थांबली. वाफ न धरणारा स्प्रे द्यायची गरज पडली नाही. फिटिंग चुकलं असेल तर तो उपयोगीही पडत नाही.

काड्या त्यांनी हेल्मेटच्या पट्ट्यांच्या आत घातल्या होत्या. त्या पट्ट्यांच्या बाहेरून घ्यायच्या. तसं केलं की पट्टा काडीवर दाबत नाही, आणि गरज पडली की एका हाताने गॉगल काढता येतो. फोटोक्रोमिक काच गडद व्हायला अर्धं-एक मिनिट पुरतं, पांढरी व्हायला कित्येक मिनिटं लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने सेकंदाला जवळजवळ १४ मीटर रस्ता मागे पडतो, त्यामुळे बोगद्यात काच पांढरी होईल या भरवशावर राहायचं नाही. वेग आधीच कमी करायचा.

दोन महिन्यांनी डाव्या काचेवर बारीक गोल चरे दिसले. घाटातली धूळ काचेवर असताना जर्सीने कोरडं पुसल्याचे हे चरे. आधी बाटलीतलं पाणी ओतून धूळ वाहू द्यायची, मग कापड. घरी साबणाचा एक थेंब आणि साधं पाणी. सॅनिटायझर नको. सनस्क्रीन आणि डासांचं मलम लावलेल्या हातांनी काच धरायची नाही, मलमातलं डीट प्लास्टिक खातं.

मे महिन्यात ते पुन्हा आले: सायकलचा गॉगल जानेवारीइतका काळा होत नाही. काच तीच. फोटोक्रोमिक रसायन गारठ्यात जास्त गडद होतं आणि उष्णतेत कमी, त्यामुळे थंडीत वर्ग ३ पर्यंत पोचणारी काच मेच्या दहाच्या उन्हात त्याच्या अलीकडेच थांबते. त्यांना हेल्मेटखाली घालायची पातळ, चोचीची सायकल टोपी सुचवली. वाकून चालवताना वरचं ऊन तीच अडवते. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचलाच उजाडू लागतं, त्यामुळे पुढच्या वेळी नंबर बदलला की याच फ्रेममध्ये मार्च ते मेसाठी वर्ग ३ च्या कायम तपकिरी काचांची दुसरी जोडी करून घ्यायची, आणि मापांचं कार्ड तोवर जपून ठेवायचं, असं ठरलं.